ट्रेटर बारू कॉर्मोरंट, द

अमेरिकन लेखक सेथ डिकिन्सन यांची पहिली कादंबरी (२०१५). ब्रिटनमध्ये ती नुसत्या ‘द ट्रेटर’ या नावाने निघाली. तिचे बीज लेखकाच्याच २०११ मधील एका लघुकथेत आहे. भूगोल सगळा कल्पनेतला, म्हणून तिला अद्भुत कादंबरी म्हणायचे. एरवी जादू, ड्रॅगन, भविष्यवाणी यांतले काहीही तिच्यात नाही. साम्राज्य येथे जमाखर्चाच्या वह्यांवर चालते.

नायिका बारू टारानोके बेटावर वाढते. घरी आई पिनियन आणि सॉल्म व सोलिट असे दोन वडील. फॉल्क्रेस्टच्या साम्राज्याची, म्हणजे ‘मास्करेड’ची, जहाजे येतात ती व्यापाराच्या निमित्ताने. पाठोपाठ कागदी चलन, तह, शाळा आणि रोगाची साथ येते, आणि बेट कधी हातचे गेले ते कळतही नाही. नव्या राज्यकर्त्यांच्या नीतिनियमांत दोन पुरुषांचा संसार गुन्हा ठरतो. सॉल्म लढाईवर जातो तो परतत नाही. या सत्तेत शिरून वर चढायचे आणि मग ती आतून पोखरायची, असे बारू ठरवते. तिला स्वतःला स्त्रियांची ओढ आहे. ती लपवणेही त्याच शाळेत अंगवळणी पडते.

शिक्षण संपल्यावर राजधानीऐवजी तिला ऑर्डविन या बंडखोर प्रांतात प्रमुख हिशेबनीस म्हणून धाडले जाते. तेथे तेरा सरदार घराणी, त्यांची कर्जे आणि आपसांतली वैरे. कादंबरी खरी रंगते ती येथे. व्हल्टजागची डचेस टेन हू बनावट नोटांच्या जोरावर उठावाची तयारी करते आहे, हे बारू खतावण्या तपासताना हेरते. त्यावर ती फौज मागवत नाही. बेसुमार नोटा छापून ती प्रांताचे चलनच मातीमोल करते. उठाव पैशावाचून जिरतो, मात्र त्यात सामान्यांचेही दिवाळे निघते. चलनवाढीवर इतका थरारक प्रसंग या साहित्यप्रकारात दुसरा क्वचितच सापडेल. पुढे शेतकऱ्यांना स्वस्त कर्जे देऊन ती लोकप्रिय होते, बंडाचे नेतृत्व पत्करते आणि टेन हूच्या प्रेमात पडते.

शेवट शीर्षकानेच फोडलेला आहे, तरी तो वाचकाला हादरवतो. बारूचा करारीपणा लेखकाने गौरवलेला नाही. प्रत्येक विजयागणिक तो तिच्याकडून जवळचे एकेक माणूस वसूल करतो. समलिंगी प्रेमाची परिणती पुन्हा शोकांतिकेतच का, हा काही वाचकांचा आक्षेप मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. सरदारांच्या नावांची गर्दी आणि लढायांची वर्णने यांमुळे उत्तरार्ध थोडा रेंगाळतो.

‘द मॉन्स्टर बारू कॉर्मोरंट’ (२०१८) आणि ‘द टायरंट बारू कॉर्मोरंट’ (२०२०) हे पुढचे भाग. डोक्याला झालेल्या इजेमुळे उजव्या बाजूचे भानच हरपलेली बारू त्यांत दिसते. त्यांचा पट मोठा आहे, पण पहिल्या भागाची घट्ट वीण त्यांत नाही.