ट्यूबलाइटच्या उजेडात सोलर पॅनल चार्जिंग करतं का?

गेल्या पावसाळ्यात ट्रेकच्या आदल्या रात्री मी सोलर पॉवर बँक टेबल लॅम्पखाली ठेवून झोपलो. तिचा हिरवा दिवा लागला होता, म्हणजे चार्ज होतंय असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी गडावर दाट धुकं, वाट चुकलेली, मोबाइल ३ टक्क्यांवर आणि पॉवर बँक रिकामी! एका गुराखी काकांनी पायथ्यापर्यंत सोडलं म्हणून बरं.

मग चुकलं कुठे? उजेड सूर्याचा आहे की दिव्याचा, हे सोलर सेल बघत नाही. पुरेशा ऊर्जेचे प्रकाशकण सिलिकॉनवर पडले की इलेक्ट्रॉन सुटतात आणि करंट वाहतो. प्रश्न असतो तो उजेड किती, याचा. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट प्रकाश पडतो. एलईडीने उजळलेल्या खोलीत, ५०० लक्सला, जेमतेम दीड-दोन वॅट. एवढा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. पॅनलला ते जमत नाही.

आता हिशोब करू. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास. माझ्या पॉवर बँकवरचं पॅनल कडक उन्हात १ वॅट देतं, म्हणजे उन्हातच ३७ तास गेले. खोलीच्या उजेडात ते पावणेदोन मिलिवॅटच्या आसपास देईल, म्हणजे फुल चार्जला अडीच वर्षं! लॅम्प जवळ आणून उजेड दहापट केला तरी तीन महिने. तो हिरवा दिवा फक्त ‘उजेड दिसतोय’ एवढंच सांगत होता.

‘एलईडीने पॅनल चालवू, त्याच विजेवर एलईडी लावू’ असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. १०० वॅट विजेतून चांगला एलईडी साधारण ४० वॅट प्रकाश देतो. तो सगळाच्या सगळा २० टक्के कार्यक्षमतेच्या पॅनलवर पडला, तरी हातात ८ वॅट. बाकीचे ९२ उष्णतेत गेले. (गंमत म्हणजे तेवढ्याच लक्सला जुना पिवळा बल्ब पॅनलमधून जास्त करंट काढतो, कारण त्याचं बरंचसं अवरक्त सिलिकॉनला चालतं. पण वीज तो कितीतरी जास्त खातो.)

कॅल्क्युलेटर मात्र घरातल्या उजेडावर चालतो, कारण त्याची गरजच काही मायक्रोवॅटची.

पॅनल तपासायला कारखान्यात कृत्रिम प्रकाशच वापरतात: चौरस मीटरला १००० वॅट, सेलचं तापमान २५ अंश. पॅनलमागे छापलेला वॅटचा आकडा याच चाचणीतला असतो.