मुलांच्या मनाचा आजार: इलाज कुठे आणि कसा मिळतो

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातली 7.3 टक्के मुलं मानसिक आजाराने त्रस्त आढळली. म्हणजे साठच्या वर्गात चारेक मुलं. आम्हा शिक्षकांना ती दिसतात: डबा तसाच परत नेणारी, मैत्रिणींपासून तुटलेली, रोज डोकं दुखतंय म्हणणारी. घरी मात्र याला नजर, नाही तर कामचुकारपणा म्हटलं जातं. दुआ जरूर करा, दमही करून आणा, पण त्यात सहा महिने घालवू नका.

पहिली पायरी फोनची. 14416 हा ‘टेली मानस’चा नंबर ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत. मराठी-हिंदीसह 20 भाषांत बोलता येतं. पालक फोन करू शकतात, मुलंही. मारहाण किंवा छळ होत असेल तर 1098.

प्रत्यक्ष भेटायचं तर 10 ते 19 वयाच्या मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतं. तिथे समुपदेशक बोलतात, औषध देत नाहीत. औषधाची गरज वाटली तर जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या ‘सिव्हिल’मध्ये, मानसोपचाराची ओपीडी. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून इलाज मोफत आहे. खासगीतली फी परवडत नाही म्हणून घरी बसायचं कारण नाही.

मुलींच्या बाबतीत अम्मी-अब्बू सगळ्यात जास्त घाबरतात ते रिश्त्याला. “मोहल्ल्यात कळलं तर?” मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. खरं तर बातमी बहुतेक वेळा घरातूनच फुटते.

डॉक्टरांकडे गेल्यावर मुलाला थोडा वेळ त्यांच्याशी एकट्याने बोलू द्या. आईसमोर मुलं खरं सांगत नाहीत. मूल मरायची भाषा बोललं, तर मात्र ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं, विषारी वस्तू हलवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

गोळ्या सुरू झाल्या की बरं वाटताच बंद करण्याची घाई होते, रमजानमध्ये तर जास्तच. रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटा. सहरी आणि इफ्तारला गोळ्या बसवता येतील का, की या वर्षी रोजे सोडावे लागतील, हे तेच सांगतील.