पाठमोरा गाणारा माणूस

गेल्या शुक्रवारी बिल्ड एकदाची पास झाली आणि आमच्या टीममधला एक साठीचा अमेरिकन बाबा म्हणाला, चल, तुला गाणं ऐकवतो. मी सध्या ऑनसाइट आहे, डेट्रॉइटच्या बाजूला. वीकेंडला माझा कार्यक्रम ठरलेला असतो: इंडियन ग्रोसरी, कपडे धुणं, आईला व्हिडिओ कॉल. म्हटलं चला, तेवढाच बदल.

जागा म्हणजे एक छोटासा बार. स्टेज वगैरे काही नाही. कोपऱ्यात एक गालिचा, एक माइक आणि समोर मोजून चौदा माणसं (त्यात आम्ही दोघं). एक बाई गिटार घेऊन आली आणि स्वतः लिहिलेली गाणी गायला लागली. नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. तिसऱ्या गाण्याला मी फोन खिशात ठेवला. मला ओळखणाऱ्यांना कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे ते!

परत येताना मी म्हटलं, एवढं चांगलं गाते आणि ऐकायला चौदा जण? बाबा हसला. म्हणाला, ह्या गावात रॉड्रिगेझसुद्धा असाच गायचा.

आता रॉड्रिगेझ मला माहीत होता. म्हणजे मला तसं वाटत होतं. हॉस्टेलला असताना कोणाच्या तरी हार्डडिस्कवर 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' ही डॉक्युमेंटरी होती. रात्री दोनला आम्ही चौघांनी बघितली आणि सकाळच्या लेक्चरला कोणी गेलं नाही. पण तो ह्याच गावचा, हे साफ विसरलो होतो. मग शनिवार-रविवार दुसरं काही केलं नाही, त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत बसलो.

तर मंडळी, गोष्ट अशी. सिक्स्टो रॉड्रिगेझ, जन्म १९४२, डेट्रॉइट. मेक्सिकोहून कामासाठी आलेल्या कुटुंबातलं सहावं मूल, म्हणून नाव सिक्स्टो. १९६७ मध्ये त्याची एक सिंगल रेकॉर्ड आली, त्यावर त्याचं नाव चक्क 'रॉड रिगेझ' असं तोडून छापलं होतं. ती कुठेच चालली नाही. त्याच जुलैत डेट्रॉइटमध्ये मोठी दंगल झाली, ४३ माणसं मेली. शहर हळूहळू रिकामं व्हायला लागलं होतं.

अशा दिवसांत डेनिस कॉफी आणि माइक थिओडोर हे दोघे नदीकाठच्या एका बारमध्ये त्याला ऐकायला गेले. बारचं नाव 'द सुअर', म्हणजे शब्दशः गटार. आत सगळा सिगारेटचा धूर, आणि हा गडी प्रेक्षकांकडे पाठ करून गात होता. चेहरा दिसत नाही, फक्त आवाज आणि शब्द. हे दोघे काही ऐरेगैरे नव्हते. कॉफी हा मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर वाजवणारा गिटारिस्ट, कान तयार असलेला माणूस. त्यांना कळलं की हे काहीतरी वेगळं आहे.

१९६९ मध्ये 'कोल्ड फॅक्ट' रेकॉर्ड झाला, १९७० च्या मार्चमध्ये ससेक्स ह्या लेबलवर बाजारात आला. हे लेबलही फालतू नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी बिल विदर्सचं 'एंट नो सनशाइन' काढलं आणि ते तुफान चाललं. म्हणजे बघा, गाणारा चांगला, प्रोड्यूसर चांगले, लेबल चांगलं. आणि विक्री जवळपास शून्य. दुसरा अल्बम लंडनमध्ये केला, १९७१ मध्ये आला, तोही पडला. लेबलने त्याला सोडून दिलं आणि १९७५ पर्यंत ते स्वतःच बंद पडलं.

सिनेमात आपण नेहमी बघतो ना, की छोट्या जागेत कोणीतरी जाणकार येतो, ऐकतो, आणि पुढच्या सीनमध्ये स्टेडियम? इथे तो जाणकार आला होता. एक नाही, दोन आले होते. तरी स्टेडियम आलं नाही.

रॉड्रिगेझ मग घरं पाडण्याच्या, साफसफाईच्या, कारखान्यातल्या कामांवर गेला. १९७६ मध्ये सरकारी लिलावात ५० डॉलरला एक पडकं घर घेतलं आणि पुढची कित्येक दशकं तिथेच राहिला. १९८१ मध्ये वेन स्टेट युनिव्हर्सिटीतून तत्त्वज्ञानाची डिग्री घेतली. स्थानिक निवडणुकांनाही उभा राहिला, निवडून आला नाही. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण ह्यात कुढत बसलेला माणूस कुठे दिसतच नाही.

आणि तिकडे दक्षिण आफ्रिकेत? 'कोल्ड फॅक्ट' तिथे कसाबसा पोचला आणि वर्णभेदाच्या काळातल्या गोऱ्या तरुण पोरांच्या घराघरात गेला. सरकारने टीव्हीसुद्धा १९७६ पर्यंत येऊ दिला नव्हता, बाहेरच्या जगाचा सांस्कृतिक बहिष्कार होता, त्यामुळे खातरजमा करायची सोय नाही. रेडिओवर वाजू नये म्हणून सरकारी संग्रहातल्या प्रतीवर नको त्या गाण्याच्या खाचा खरवडून ठेवलेल्या, हे सिनेमात दाखवलंय. आणि अफवा अशी की ह्या गायकाने स्टेजवरच आत्महत्या केली. लोक मेलेल्या माणसाची गाणी म्हणून ऐकत होते, आणि हा इथे डेट्रॉइटमध्ये पाठीवरून फ्रिज उतरवत होता.

नेटवर्किंग शिकलेल्यांना कळेल: पॅकेट पोचलं, पण अॅक्नॉलेजमेंट कधी परत आलंच नाही. आणि फक्त टाळ्यांचं नाही, पैशांचंही! त्या सिनेमात दक्षिण आफ्रिकेतल्या खपाचा अंदाज पाच लाखांच्या आसपास सांगितलाय. ते पैसे नक्की कुठे मुरले? अल्बमवर काही गाण्यांच्या गीतकाराचं नाव भलतंच छापलं होतं, आणि त्यावरून २०१४ मध्ये कोर्टात दावाही लागला. त्याच्या घरी मात्र त्या वर्षांत काही पोचलं नाही.

त्याला शोधला दोन चाहत्यांनी. केप टाउनचा स्टीफन सेगरमन आणि पत्रकार क्रेग बार्थोलोम्यू स्ट्रायडम. एका गाण्यात 'डिअरबॉर्न' असं गावाचं नाव येतं. क्रेगने नकाशात बघितलं, तर ते डेट्रॉइटला खेटून. (मी दर रविवारी तिथे भाजी आणायला जातो, काय राव!) तिथून धागा काढत १९९७ मध्ये त्याने माइक थिओडोरला गाठलं आणि विचारलं, रॉड्रिगेझ मेला कसा? थिओडोर म्हणाला, मेला? तो तर जिवंत आहे. सेगरमनच्या वेबसाइटवर रॉड्रिगेझच्या मुलीनेही निरोप टाकला. मार्च १९९८ मध्ये केप टाउनला हजारो लोकांसमोर तो उभा राहिला. ह्या वेळी तोंड लोकांकडे.

आता माझी तक्रार. डॉक्युमेंटरी अशी रंगवलीय की मधली पंचवीस वर्षं त्याला कोणी विचारलंच नाही. प्रत्यक्षात ऑस्ट्रेलियातही तो लोकप्रिय होता. १९७९ मध्ये तिथे त्याचा दौरा झाला, १९८१ मध्ये 'मिडनाइट ऑइल' बँडबरोबर परत झाला. सिनेमात ह्याचा उल्लेखच नाही! पहिल्यांदा वाचलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. हॉस्टेलमध्ये आम्ही रडलो होतो यार. पण नंतर वाटलं की खरी गोष्ट जास्त जड आहे. हजारो लोकांसमोर गाऊन, टाळ्या घेऊन, पुन्हा डेट्रॉइटला येऊन सोमवारी कामावर जायचं.. हे कोणी माहीतच नसण्यापेक्षा अवघड असणार. ते दिग्दर्शकाने का गाळलं कोण जाणे. त्याला आता विचारताही येणार नाही, मलिक बेंजेलूल २०१४ मध्येच गेला. सिनेमाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा रॉड्रिगेझ समारंभाला गेला नाही, बनवणाऱ्यांचं श्रेय त्यांनाच मिळावं म्हणून. ऑगस्ट २०२३ मध्ये तोही गेला, ८१ व्या वर्षी.

हे सगळं वाचून झाल्यावर शुक्रवारची एक गोष्ट आठवली. कार्यक्रम संपल्यावर त्या बाईने टेबलावर सीडी मांडल्या होत्या, दहा डॉलरला एक. मी घेतली, खरं तर भिडेखातर. तिने पैसे हातात घेतले, मोजले, थँक यू म्हणाली. सीडीच्या मागे तिचा ईमेल आहे. रविवारी रात्री तिला चार ओळी लिहिल्या, तिसरं गाणं आवडलं म्हणून.

सीडी अजून ऐकलेली नाही, माझ्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. बाबाच्या जुन्या गाडीत प्लेअर आहे. उद्या लंचला पार्किंगमध्ये बसून ऐकायचं ठरलंय.