कळलावीची नावे

आता तेलंगणात असलेल्या आदिलाबाद जिल्ह्याचे नाव निघाले की सागवानाची राने आणि गोंड-कोलामांची वस्ती डोळ्यांपुढे उभी राहते. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा या जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. सीमा बदलली, रान मात्र दोन्हीकडे एकाच जातीचे राहिले. अशा रानात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीची कहाणी तिच्या नावांतच साठलेली आहे.

उन्हाळाभर ही वेल कंदरूपाने जमिनीखाली निजलेली असते. पावसासरशी कोंब वर येतो. पानाचे टोकच लांबून तणाव्यासारखे वळते आणि शेजारच्या झुडपाला धरून वेल वर चढते. फूल खाली मान घालून उमलते. पाकळ्या मात्र ज्वाळांसारख्या वर उलटतात, आरंभी हिरवट-पिवळ्या, पुढे लालभडक. पावसाळा सरला की वेल वाळते, कंद तेवढा उरतो.

हा कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात ती 'लांगली' झाली, फुलावरून 'अग्निशिखा'. प्रसूतीच्या कळा सुरू व्हाव्यात म्हणून कंदाचा लेप देत, त्यावरून मराठीने तिला 'कळलावी' म्हटले. व्हान रीड या डच अधिकाऱ्याने सिद्ध केलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' (1678 ते 1693) या ग्रंथातही ती आहे. त्या ग्रंथाला रंगभट, विनायक पंडित व आपुभट या कोकणी पंडितांचे साहाय्य होते. पुढे 1753 मध्ये लिनियसने तिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे वैभवसूचक नाव दिले.

रसायनशास्त्राने तिच्यात आणखी एक गोष्ट पाहिली. युरोपातील एका फुलझाडातून 1820 साली वेगळे केलेले कोल्चिसीन कळलावीच्या कंदात व बियांतही असते. संधिवाताच्या एका प्रकारावर ते औषध आहे. 1937 पासून वनस्पतींची गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठीही ते वापरले जाते. पण हेच द्रव्य जहाल विष आहे. कंद पोटात गेल्यास प्राण जातो. म्हणून जुना उपाय घरी करून पाहण्याचा मोह कोणी धरू नये.

कंद खणला की वेल मुळासकट संपते. बी घेतले तर ती पुढल्या पावसाळ्यात पुन्हा उगवते. तामिळनाडूने तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे आणि तेथील शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात. रानातल्या कळलावीलाही हाच न्याय लावला पाहिजे. नाहीतर तिची इतकी नावे कोशात राहतील आणि रान तिच्यावाचून सुने होईल.