विद्यापीठाचे दार आणि माकणीचा विद्यार्थी

तेरणेच्या काठचे माकणी हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात मोडते. सन १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सोलापूर आणि बार्शी ही शहरे मात्र सरहद्दीपलीकडे, इंग्रजी अमलाखाली. सरहद्दीच्या दोन्ही अंगांस विद्यापीठाची दारे निरनिराळ्या भाषांत उघडत असत. सर्वांस एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे न्याय झाला काय, असा प्रश्न पडणाऱ्याने ही सरहद्द अवश्य ध्यानात घ्यावी.

अशा परीक्षेचा आपल्याकडील आरंभ मुंबईस झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले व १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. ह्या भारदस्त शब्दाचा मूळ अर्थ पटावर नाव घालणे एवढाच. म्हणजे ती शाळेची अखेर नसून महाविद्यालयाचा उंबरठा होती. शंभराहून अधिक उमेदवारांतून वीस-बावीसच तो ओलांडू शकले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

ह्या परीक्षेची उपयुक्तता नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पेशवाईतही दक्षिणेसाठी विद्वानांची परीक्षा होत असे, पण ती ब्राह्मणांपुरती. मॅट्रिकच्या उत्तरपत्रिकेस मात्र कुळगोत माहीत नव्हते. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचा सत्कार करण्यात आला व केळुसकर गुरुजींनी त्यांस स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. शिफारसपत्रावर दार उघडत असते, तर हा प्रसंग घडला असता असे म्हणवत नाही. परंतु परीक्षा देण्याइतके शिक्षण पदरात पडावे कसे, ह्याचे उत्तर परीक्षेजवळ नव्हते. तिची खरी फी शाळेच्या पायरीवरच भरावी लागे, आणि भाषा हा तिचा सर्वांत मोठा हप्ता.

माकणीच्या मुलास हा हप्ता दुप्पट पडला. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. सर्व उच्च ज्ञान इंग्रजीऐवजी एका देशी भाषेत द्यावे, हा त्याचा संकल्प खरोखर धाडसाचा होता. पण ती देशी भाषा उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्याने भूमिती आणि रसायन उर्दूतून शिकावे व तेथेच उर्दू घरात वाढलेल्याशी त्याची तुलना व्हावी! गुण दोघांचे एकाच मापाने मोजले जात. मात्र ते माप एकाच्याच घरचे होते. उस्मानियाचा त्याग करून सरहद्द ओलांडणाऱ्यास बिऱ्हाड, खानावळ आणि इंग्रजी ह्यांचा भार सोसावा लागे.

माकणीजवळच्या हिप्परग्यास १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून प्रसिद्ध झालेले व्यंकटेश खेडगीकर तेथे मुख्याध्यापक होते. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानियातून अनेक विद्यार्थ्यांस काढून टाकण्यात आले. त्यांतील कित्येकांस नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. एका विद्यापीठाने बंद केलेले दार दुसऱ्याने उघडावे, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

१९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ झाले आणि दार पुष्कळ जवळ आले. भांडण मात्र मिटले नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत ७० टक्के जागा त्या त्या विभागाच्या विद्यार्थ्यांस व ३० टक्के इतरांस, असा नियम महाराष्ट्रात दीर्घकाळ होता. मराठवाड्यात महाविद्यालयेच थोडी, म्हणून तेथील मुलांस अधिक गुण मिळवूनही बाहेर राहावे लागते, अशी तक्रार होती. २०२० साली तो नियम रद्द झाला.

दरम्यान साऱ्या देशास मिळून एकच ‘नीट’ परीक्षा आली होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरविली, पण २०१६ साली तो निर्णय मागे घेतला. तेव्हा प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदी ह्या दोनच भाषांत निघाल्या. मराठीस २०१७ साली स्थान मिळाले. तथापि अकरावी-बारावीचे विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकविले जात असल्याने मराठी प्रश्नपत्रिका मागावयास फारसे कोणी धजत नाही. तेरणाकाठची मुले आता शिकवणीसाठी लातूरला जाऊन राहतात. उस्मानिया नको म्हणून सोलापूरला जाणाऱ्यांप्रमाणे त्यांच्या घरीही प्रथम खोलीचे भाडे आणि खानावळ ह्यांचाच हिशेब मांडला जातो.