लॉकियरचे ओटे आणि जमखिंडीची पिवळी रेषा

विजयदुर्गच्या किल्ल्यातल्या दगडी चौथऱ्यांना गावकरी ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. हा साहेब म्हणजे इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी त्याने याच ओट्यांवर दुर्बिणी मांडल्या आणि हेलियम वायू शोधून काढला, अशी कथा कोकणात सर्वश्रुत आहे. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवसही साजरा होतो. ओटे खरे आहेत, साहेबही खरा आणि ग्रहणही खरे. मात्र त्या काळची पत्रे आणि अहवाल तारखांनुसार लावून पाहिले, की या तिघांची सांगड वेगळीच बसते.

आधी ग्रहण. १८६८ च्या ग्रहणाची सावली एडनवरून अरबी समुद्र ओलांडून कोकण किनाऱ्यावर आली आणि विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टणमवरून पूर्वेला सयामकडे गेली. विजयदुर्गही या पट्ट्यात येत होते, म्हणजे त्या दिवशी किल्ल्यावर भरदिवसा अंधार झाला असणार. गुंटूरला खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक काळ टिकली. असे दीर्घ ग्रहण क्वचितच मिळते, म्हणून युरोपातल्या विज्ञानसंस्थांनी आधीपासून तयारी चालवली होती. कोणी कुठे तळ ठोकला याची नोंद आहे. गुंटूरला फ्रान्सचा पिएर जान्सेन आणि ब्रिटिशांकडून मेजर टेनंट होता. मच्छलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉग्सन आणि विजापूरला कॅप्टन हेग होता. सयामच्या बाजूला जॉर्ज राये गेला होता. लंडनच्या रॉयल सोसायटीने उपकरणे देऊन पाठवलेला लेफ्टनंट जॉन हर्शेल होता जमखिंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू.

या साऱ्यांना एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते. खग्रास ग्रहणात काळ्या बिंबाच्या कडेला ज्या तांबूस ज्वाला दिसतात, त्या कशाच्या बनलेल्या असतात? किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिले होते, की तापलेल्या वायूचा प्रकाश लोलकातून पाहिला तर प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या जागी तेजस्वी रेषा उमटवते. ज्वालांच्या प्रकाशात तशा सुट्या रेषा मिळाल्या तर त्या वायूच्या आहेत हे सिद्ध होणार होते, आणि रेषांच्या जागांवरून तो वायू कोणता हेही कळणार होते.

जमखिंडीचे दृश्य हर्शेलने रॉयल सोसायटीला पाठवलेल्या अहवालात सविस्तर आहे. ऐन पावसाळा होता आणि ग्रहणाच्या वेळी आकाशात ढग होते. सोबतीला लेफ्टनंट कॅम्बेल होता; प्रभामंडळाच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण तपासणे हे त्याचे काम. ढगांच्या फटीतून सूर्य दिसायचा, पुन्हा झाकला जायचा. मिळालेल्या क्षणांत हर्शेलने ज्वालेवर वर्णपटदर्शक रोखला, आणि त्याला तीन झगझगीत रेषा दिसल्या : तांबडी, नारिंगी आणि निळी. बाकी अखंड वर्णपटाचा मागमूस नव्हता. ज्वाला वायूच्या आहेत, हा मुद्दा तिथेच निकाली निघाला.

मग मोजमाप. तांबड्या रेषेची जागा सांगताना हर्शेल कचरतो. निळी रेषा हायड्रोजनच्या ‘एफ’ रेषेशी तंतोतंत जुळल्याचे तो मान्य करत नाही. नारिंगी रेषेबद्दल मात्र तो ठाम आहे : ती सोडियमची ‘डी’ रेषाच. पण या ठाम विधानाला त्याने एक अट जोडली आहे : आपल्या उपकरणाला अशी एकरूपता जितकी ठरवता येते तितकीच ही खात्री समजावी. ही अट फार मोलाची ठरली. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात आणि हेलियमची पिवळी रेषा ५८७.६ वर. फरक जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरचा. ढगांखाली, काही सेकंदांत तो पकडणे जमखिंडीच्या उपकरणाच्या आवाक्याबाहेर होते. टेनंट आणि राये यांनीही पिवळी रेषा ‘डी’ म्हणूनच नोंदवली. पॉग्सनने ‘डी’वर किंवा तिच्या आसपास, अशी थोडी मोकळी नोंद ठेवली. म्हणजे १८ ऑगस्टला हेलियमचा प्रकाश किमान चार ठिकाणी माणसांच्या डोळ्यांत उतरला, पण तो कोणालाच ओळखू आला नाही.

गुंटूरला जान्सेनच्या मनात दुसराच विचार आला. रेषा इतक्या तेजस्वी आहेत, तर ग्रहणाची वाट का पाहायची? दुसऱ्याच दिवशी, सूर्य पूर्ण तळपत असताना, त्याने वर्णपटदर्शक बिंबाच्या कडेला लावला आणि ज्वालांच्या रेषा पुन्हा पाहिल्या. ही पद्धत कळवणारे त्याचे पत्र काकिनाड्याहून १९ सप्टेंबरला निघाले आणि २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या अकादमीपुढे वाचले गेले. त्या पत्राचा सगळा भर ग्रहणाशिवाय ज्वाला पाहण्याच्या युक्तीवर आहे.

त्याच दिवशी त्याच सभेत लंडनहूनही तशीच बातमी पोहोचली, आणि इथे लॉकियर कथेत येतो. तो तेव्हा ब्रिटिश युद्धखात्यात कारकून होता आणि खगोलशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा ध्यास होता. रॉयल सोसायटीमार्फत मिळालेल्या सरकारी अनुदानातून त्याने एक शक्तिशाली वर्णपटदर्शक बनवायला टाकला होता. तो फार रेंगाळला आणि १६ ऑक्टोबर १८६८ ला हाती आला. २० ऑक्टोबरला लॉकियरने रॉयल सोसायटीच्या चिटणिसांना पत्र लिहिले. अनेक अपयशांनंतर, प्रयत्न सोडून द्यावा असे वाटत असताना, आज सकाळी ज्वालेचा वर्णपट पाहण्यात यश आले, असे त्यात आहे.

एवढे पत्र विजयदुर्गच्या कथेला अडवायला पुरेसे आहे. दोनच महिन्यांपूर्वी खग्रास ग्रहणात ज्याने त्याच ज्वाला वर्णपटदर्शकातून पाहिल्या असतील, तो असे पत्र लिहिणार नाही. शिवाय नवे उपकरण त्याच्याकडे आले तेच ग्रहणानंतर आठ आठवड्यांनी.

पत्रातला पुढचा तपशील मात्र हेलियमचा खरा आरंभ आहे. लॉकियर तीन रेषा देतो. पहिली हायड्रोजनच्या ‘सी’शी तंतोतंत जुळणारी, दुसरी ‘एफ’शी जवळपास जुळणारी, आणि तिसरी ‘डी’जवळची, पण ‘डी’च्या दोन्ही रेषांपासून हिरव्याच्या दिशेला सरकलेली. किती सरकलेली हे त्याने मोजून दिले आहे. पुढे या रेषेला ‘डी-३’ म्हणू लागले. लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजनकडून ती मिळते का हे तपासले. ती मिळेना. तेव्हा हे पृथ्वीवर न सापडलेले द्रव्य असावे असा तर्क पुढे आला. १८७१ मध्ये एडिंबराच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात अध्यक्ष विल्यम थॉमसन यांनी, ते दोघे या द्रव्याला ‘हेलियम’ म्हणू पाहतात, असे जाहीर सांगितले. अनेकांना ते पटले नाही. अखेर मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून वायू काढला. ते आर्गॉनच्या शोधात होते, पण त्यांच्यापुढे एक अनोळखी पिवळी रेषा उभी राहिली. विल्यम क्रुक्स यांनी ती मोजली, आणि सूर्यावरची रेषा हीच, यावर शिक्कामोर्तब झाले.

मग विजयदुर्गचे ओटे कधीचे? लॉकियर ग्रहणासाठी भारतात आल्याची पहिली नोंद डिसेंबर १८७१ ची आहे, पण तेव्हा त्याचा तळ मलबारच्या बेकल किल्ल्यात होता. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर तो ‘सर’ झाला होता आणि त्याने सुरू केलेले ‘नेचर’ नियतकालिक जगभर पोहोचले होते. हेलियम बाटलीत बंद होऊनही तीन वर्षे होत आली होती.

या मोहिमेचा अहवाल रॉयल सोसायटीने छापला. तो लॉकियर, कॅप्टन चिझम-बॅटन आणि पेडलर यांच्या नावे आहे, आणि त्याच्या शीर्षकातच ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेच्या अधिकाऱ्यांचा आणि खलाशांचा उल्लेख आहे. खलाशांचे गट पाडून त्यांच्याकडून कवायत करून घेतली होती : कोणी वेळ पुकारायची, कोणी प्रभामंडळाची रेखाटने करायची. सहा आणि नऊ इंची लोलक-कॅमेरे वर्णपट टिपणार होते. इतक्या जड उपकरणांना न हलणारा पाया लागतो आणि ओट्यांचे प्रयोजन नेमके तेच. खग्रास अवस्था होती साधारण दोन मिनिटांची.

त्या दिवशी सगळा महाराष्ट्रच वेधशाळा झाला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला लिक वेधशाळेचा कॅम्बेल (जमखिंडीचा कॅम्बेल वेगळा) आणि पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते. पुलगावला न्यूऑल, नागपूरजवळ घोगलीला स्कॉटलंडचा राजज्योतिषी कोपलंड, वऱ्हाडात तळणीला मॉन्डर दांपत्य. अ‍ॅनी मॉन्डर यांनी तळणीला घेतलेल्या छायाचित्रात प्रभामंडळाचा एक किरण सूर्यापासून कितीतरी दूरवर पसरलेला दिसतो.

म्हणून विजयदुर्गच्या ओट्यांपाशी १८९८ हे वर्ष लिहावे. हेलियमच्या शोधाचे श्रेय लंडनमधल्या ऑक्टोबरच्या त्या सकाळीला आणि पुढच्या सत्तावीस वर्षांच्या चिकाटीला जाते. ते विजयदुर्गच्या नावे लावले, तर किल्ल्याने खरोखर पाहिलेले काम झाकले जाते आणि जेऊर, तळणी, पुलगाव विस्मरणात जातात. १८ ऑगस्टचा मान आपल्याकडे द्यायचाच असेल, तर तो जमखिंडीला द्यावा. तिथे ढगांच्या फटीतून हेलियमची रेषा दिसली, मोजली गेली, आणि मोजमापाची मर्यादा मोजणाऱ्यानेच लिहून ठेवली. दोन महिन्यांनी लॉकियरने ‘डी’पासूनचे अंतर मोजले तेव्हा हर्शेलचे मोजमाप मागे पडले, पण त्याच्या नोंदीला कोणी खोटी म्हणू शकले नाही.