गल्ल्याजवळचा डबा

आमच्या आज्याचं दुकान बेलापूरच्या किल्ल्याखालच्या गावात होतं. गूळ, तेल, मिरची, रॉकेल, चहापत्ती असला माल. मिठागरावरची आणि शेतावरची माणसं संध्याकाळी यायची. गल्ल्याशेजारी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला. सुटे दोन-पाच पैसे उरले की गिऱ्हाईक ते डब्यात टाकायचं. व्यापाऱ्यांत धर्मादाय काढायची चाल जुनी आहे. ही तिचीच धाकटी बहीण.

पण या डब्याची एक गंमत होती. डबा आज्याकडे आणि किल्ली शाळेच्या गुरुजींकडे. दर अमावस्येला दुकान लवकर बंद व्हायचं. गुरुजी यायचे, चार माणसांसमोर डबा उघडायचे, नि आकडा दारावरच्या फळ्यावर खडूनं लिहायचे. निम्म्या पैशांतून गरीब पोरांच्या पाट्या आणि वह्या. उरलेल्यातून दसऱ्याआधी किल्ल्यावरची झुडपं तोडायला कोयते आणि पोरांना गूळ-शेंगदाणे. बुरुजाच्या सांध्यात पिंपळ रुजला की भिंत फुटते, हे आम्ही पुस्तकात नाही, कोयता हातात घेऊन शिकलो.

किल्ला तसा लहान, पण पनवेलच्या खाडीवर नजर ठेवणारा. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि १८१७ साली इंग्रज, असे त्याचे धनी बदलले. झुडपं तोडताना गुरुजी हे सांगायचे. मग रायगडावर यायचे.

शिवरायांच्या समाधीची पडझड बघून लोकमान्य टिळकांनी १८९५ साली लोकांना हाक दिली. पुण्यात सभा झाली, फंड निघाला. त्यात सरदार-जहागीरदारांची रक्कम होती, तसे शाळकरी पोरांचे पैसेही होते. १८९६ साली गडावर उत्सव झाला. पण पुढे डेक्कन बँक बुडाली आणि फंडाचा पैसा तिच्यात गेला. लोकांनी पुन्हा वर्गणी काढली, सरकारशी लिहिणं-बोलणं चाललं, आणि समाधीचं काम पुरं व्हायला १९२६ साल उजाडलं. म्हणजे पहिल्या पैशापासून तीस वर्षं.

एका अमावस्येला आमच्याही डब्यात खोट आली. गुरुजींच्या अंदाजापेक्षा पैसे बरेच कमी. कुणी काढले, कळलं नाही. चार माणसं गप्प. आज्यानं गल्ला उघडला, तेवढी रक्कम मोजून डब्यात टाकली. आजी रागावली, "आपन चोरी केली काय?" आजा म्हणाला, "पैशे आपले नाय, पन हिशेब आपला हाय." फळ्यावर मात्र त्यानं तूटही लिहायला लावली आणि भरपाईही. मला वाटलं, आता कोण पैसे टाकणार? पण पुढच्या महिन्यात डबा आधीपेक्षा जड झाला. रायगडाच्या फंडाचं मर्म मला त्या दिवशी कळलं. बुडालेल्या फंडाला लोक दुसऱ्यांदा पैसे देतात, पण बुडाला हे सांगणारा कुणी असला तर.

१९७० साली सिडको आली. ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहिलं. भात गेलं, मिठागरं गेली, आणि संध्याकाळची गिऱ्हाइकंही पांगली. आज्यामागं दुकान बंद पडलं. शिक्षणाची सोय मात्र वाढली. ज्या रयत शिक्षण संस्थेत गरीब पोरांसाठी घरोघरची मूठमूठ ज्वारी गोळा व्हायची, तिचं कॉलेज वाशीत आलं. आमच्या घरातली पोरं शिकली.

किल्ला तिथंच आहे. चहूबाजूंनी इमारती, खाली गाड्यांची रांग. कुठल्या पिंपळाचं मूळ कुठल्या बुरुजात शिरलंय, हे आता येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेलाही पडत नाही. दुरुस्तीला मोठा पैसा लागतो, तो सरकारनंच द्यावा, हे खरंच. दोन-पाच पैशांत बुरुज बांधून होत नाही. पण ज्याचे दोन पैसे त्या भिंतीत आहेत, तो येता-जाता तिच्याकडे बघतो. आज्याच्या डब्यातून किल्ल्याला मिळालं ते एवढंच: बघणारी माणसं.

डबा माझ्याकडे आहे. किल्ली गुरुजींबरोबर गेली. नातू विचारतो, "यात काय आहे?" मी त्याला म्हणतो, चल, आधी किल्ल्यावर जाऊन येऊ.